विमानात नेट मिळतं का हो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सुट्ट्यांचा सीझन जवळ आला की आमच्याकडे प्रवासाचे प्रश्न यायला लागतात, बॅगेत लोणचं चालतं का, व्हिसाचा फोटो कसा पाहिजे वगैरे. ह्या वेळी मात्र ढीगभर मेल विमानातल्या वायफायवर आलेत. सगळे छापणं शक्य नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न : मी आणि हे पहिल्यांदाच मुलीकडे अमेरिकेला निघालोय, मुंबईहून दुबई आणि तिथून पुढे. मुलगी म्हणते विमानातून व्हॉट्सअॅप करत जा म्हणजे मला घोर नको. पण विमानात फोन बंद ठेवायचा असतो ना? आणि ह्याला पैसे किती पडतात? — एक निवृत्त शिक्षिका, सांगली

बाई, फोन बंद नाही करायचा, फक्त फ्लाइट मोडवर टाकायचा. फ्लाइट मोड लावला की सिमकार्डाची रेंज जाते आणि सोबत वायफायही बंद होतं, मग वायफायचं बटण तेवढं परत चालू करायचं, हा दुसरा भाग बरेच जण विसरतात आणि मग नेट नाही नेट नाही करत बसतात. वायफायच्या यादीत विमानकंपनीचं नेटवर्क दिसेल, त्याला जोडलं की एक पान उघडतं आणि तिथे नाव, सीट नंबर किंवा मेंबरशिपचा नंबर मागतात.

आता मेन गोष्ट. पैशांचा खेळ सगळा त्या मेंबरशिपवर आहे. दुबईमार्गे जाताय म्हणजे बहुतेक एमिरेट्स असणार, त्यांच्या स्कायवर्ड्स योजनेचं सभासद व्हायला एक पैसा लागत नाही आणि सभासदाला इकॉनॉमीत बसूनही मेसेजिंग फुकट मिळतं. सिंगापूर एअरलाइन्सने तर जुलै २०२३ पासून क्रिसफ्लायरच्या सभासदांना सगळ्याच क्लासात पूर्ण नेट फुकट केलंय, अमेरिकेत डेल्टाने फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत फ्लाइटवर तेच केलं. म्हणजे कंपन्यांना तुमचे चारपाचशे रुपये नकोयत, तुमचा ई-मेल आणि मोबाइल नंबर पाहिजे आणि तुम्ही पुढच्या वेळी त्यांच्याकडेच यावं असं त्यांना वाटतं. द्या की, हरकत नाही. पण सभासद व्हायचं ते घरी बसून, निवांत, मुलीला फोनवर घेऊन, कारण नोंदणी करताना ई-मेलवर किंवा मोबाइलवर कोड येतो आणि तो विमानात कुठून येणार. नंबर आणि पासवर्ड डायरीत लिहून डायरी पर्समध्ये ठेवा, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नको.

फुकटच्या मेसेजिंगमध्ये बहुतेक वेळा नुसता मजकूर जातो. नातवाचे फोटो, व्हॉइस मेसेज, सकाळचे गुलाबाचे फूलवाले शुभेच्छासंदेश असलं काही जात नाही आणि येतही नाही, ह्यातला शेवटचा भाग काही लोकांना फायदाच वाटेल. आणि विमानात असताना व्हॉट्सअॅप काढून परत टाकायला जाऊ नका, परत चालू करायला एसएमएस लागतो.

मुलीला मात्र एक आधीच सांगून ठेवा, मेसेज नाही आला तर घाबरायचं नाही. वायफायची यंत्रणा एखाद्या फ्लाइटला बंदच असते, क्रू शांतपणे सॉरी म्हणतो आणि विषय संपतो. विमान कुठे आहे ते तिला फ्लाइटरडार२४ ह्या साइटवर दिसेल, तिला फक्त फ्लाइट नंबर पाठवून ठेवा.

प्रश्न : देशातल्या देशात प्रवास करताना विमानात वायफाय दिसलं, जोडलं, कनेक्टेड असंही आलं पण गूगल उघडेना, व्हॉट्सअॅप नाही, काही नाही. मग कनेक्टेड कशाला? फसवणूक आहे का ही? — नाशिकहून एक वाचक

फसवणूक नाही पण जाहिरात करताना कंपन्या जरा गोलमाल बोलतात हे खरं. विमानात एक छोटा सर्व्हर ठेवलेला असतो, त्यात पिक्चर, मालिका, गाणी भरलेली असतात आणि वायफायने तुमचा फोन फक्त त्या सर्व्हरला जोडला जातो, बाहेरच्या जगाशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या एसटीत मध्यंतरी फुकट वायफायचे डबे बसवले होते आठवतंय का, त्यातही नेट नव्हतंच, डब्यात भरलेले पिक्चर होते, लोक फेसबुक उघडायला बघायचे आणि चिडायचे. तोच प्रकार.

खरं इंटरनेट आपल्याकडे तसं नवीनच आहे. २०१८ च्या डिसेंबरात सरकारने विमान आणि जहाजातल्या नेटचे नियम काढले, त्याच्या आधी परदेशी विमानसुद्धा भारताच्या हद्दीत शिरलं की वायफाय बंद करायचं. मग मार्च २०२० मध्ये विमान नियमात बदल होऊन वैमानिकाला वायफाय वापरायची परवानगी द्यायचा अधिकार मिळाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात विस्तारा ह्या विमानकंपनीने आपल्या बोइंग ७८७-९ विमानात सेवा सुरू केली, भारतीय कंपन्यांत पहिली. ती परदेशी मार्गांवर. देशांतर्गत फ्लाइटवर एअर इंडियाने १ जानेवारी २०२५ ला जाहीर केलं, तेही ए३५०, ७८७-९ आणि काही निवडक ए३२१निओ विमानांत, सुरुवातीला फुकट.

म्हणून कुठली कंपनी ह्यापेक्षा कुठलं विमान हे विचारायचं. एकाच कंपनीचं सकाळचं विमान नेटच्या अँटेनावालं असतं आणि संध्याकाळचं नसतं, तिकीट काढताना विमानाचा प्रकार बारीक अक्षरात लिहिलेला असतो तो बघा, तरी ऐनवेळी विमान बदललं तर बोंब. आणि खरं सांगू का, मुंबई-गोवा फ्लाइटला नेट असून तरी काय करणार, नियमानुसार भारताच्या हद्दीत ३००० मीटरच्या वरच वायफाय चालू करता येतं, चढेपर्यंत चालू नाही आणि उतरायला लागलं की बंद, मधल्या वेळात चहा येतो.

प्रश्न : मी हिंजवडीत आयटीत आहे. क्लायंट लंडनचा. विमानातून मीटिंग जॉइन करेन असं मॅनेजरला सांगून बसलोय, जमेल ना? माझ्या एका मित्राला कडक स्पीड मिळाला आणि दुसऱ्याला साधा मेल पण जाईना, असं का? — पुणे

मॅनेजरला आधी फोन करा आणि शब्द मागे घ्या, मग पुढचं वाचा.

दोघा मित्रांच्या विमानांवरचे अँटेना वेगळे असणार, बाकी काही नाही. जुनी पद्धत म्हणजे भूस्थिर उपग्रह. तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या सोबतच फिरतो म्हणून आपल्याला एका जागी दिसतो. तुम्ही क्लिक केलं की सिग्नल विमानातून वर जातो, तिथून खाली जमिनीवरच्या केंद्रात, तिथून उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा खाली विमानात, म्हणजे चार वेळा तेवढं अंतर, जवळपास १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी अर्धा सेकंद नुसता प्रवासात जातो. हे कुठल्याही पॅकने कमी होत नाही, जास्त पैसे भरा नाहीतर भांडा. मेल, मेसेज, बातम्या वाचायला अर्धा सेकंद काही वाटत नाही पण मीटिंगमध्ये तुम्ही बोलायला लागता तेव्हा समोरचाही बोलायला लागलेला असतो, मग दोघे सॉरी म्हणता, मग दोघे गप्प बसता, मग परत दोघे एकदम बोलता. शिवाय जी काही क्षमता आहे ती सगळ्या विमानात वाटली जाते, जेवण झाल्यावर दिवे मंद झाले की सगळे एकदम रील्स बघायला लागतात आणि स्पीड बसतो. काम असेल तर टेकऑफनंतर लगेचचा वेळ किंवा लोक झोपल्यावरचा वेळ धरा.

नवीन पद्धत म्हणजे खालच्या कक्षेतले शेकडो हजारो छोटे उपग्रह, इलॉन मस्कच्या स्टारलिंकचे ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात. अंतरच कमी म्हणून उशीर जवळजवळ जाणवत नाही, व्हिडिओसुद्धा नीट चालतो. हवाइयन एअरलाइन्सने २०२४ च्या सुरुवातीला हे बसवलं, कतार एअरवेजने त्याच वर्षी ऑक्टोबरात दोहा-लंडन फ्लाइटवर बोइंग ७७७ विमानात चालू केलं आणि प्रवाशांना फुकट दिलं. तुमच्या त्या कडक स्पीडवाल्या मित्राला विचारा कुठल्या विमानात होता, बहुतेक उत्तर असलंच काहीतरी निघेल.

आपल्याकडे इस्रोचा जीसॅट-एन२ आहे, १९ नोव्हेंबर २०२४ ला सोडला, ४,७०० किलो वजन, आपल्या रॉकेटला झेपणारं नव्हतं म्हणून अमेरिकेतून स्पेसएक्सच्या फाल्कन ९ ने नेला. ४८ जीबीपीएस क्षमता, भारतावरून उडणाऱ्या विमानांतल्या नेटसाठी वापरायचा हे त्याच्या उद्दिष्टांतच आहे. पण हाही भूस्थिरच, म्हणजे क्षमता वाढेल, गर्दीत स्पीड बरा राहील, तो अर्धा सेकंद मात्र जिथल्या तिथे.

आणि मीटिंग जमली तरी बोलता येईल असं नाही, अनेक कंपन्यांत विमानातून इंटरनेट कॉल करायला मनाईच असते. ऐकत बसा, उत्तरं चॅटमध्ये टाइप करा. ऑफिसचा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारी वाट, विमानातल्या नेटवर अडतो हेही धरून चाला, लागणाऱ्या फाइली आदल्या दिवशी लॅपटॉपवर उतरवून घ्या.

प्रश्न : वडील दुबईहून आले, विमानात त्यांनी काहीही केलं नाही, फोन खिशात होता आणि तरीही रोमिंगचं भलंमोठं बिल आलं. कंपनी म्हणते विमानात डेटा वापरलाय. असं होऊ शकतं का? — ठाणे

होऊ शकतं आणि होतं. ह्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या कोणी नीट समजावून सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विमानातलं वायफाय वेगळं आणि विमानातलं मोबाइल नेटवर्क वेगळं. काही लांबच्या विमानांत आतमध्येच एक चिमुकला मोबाइल टॉवर बसवलेला असतो, एमिरेट्सने २००८ सालीच विमानातून मोबाइल कॉल चालू केले होते ते ह्याच तंत्राने. एअरोमोबाइलसारख्या कंपन्या हे चालवतात. फोन फ्लाइट मोडवर नसेल तर खऱ्या टॉवरची रेंज गेली की तो बिचारा रेंज शोधत बसतो, ह्या टॉवरला चिकटतो आणि रोमिंग चालू असेल तर मागच्या मागे फोटो चढवणं, मेल ओढणं, अॅप अपडेट करणं असले उद्योग सुरू करतो. वडिलांनी खरंच काही केलेलं नाही, फोनने केलं. हे नेटवर्क साध्या देशाच्या रोमिंग पॅकमध्ये बसेलच असं नाही, म्हणजे यूएईचा पॅक मारला होता हे कारण तिथे चालत नाही.

उपाय दोनच. फ्लाइट मोड, किंवा खरंच ती सेवा पाहिजे असेल तर इन-फ्लाइट रोमिंगचा वेगळा पॅक. जिओने २०२० मध्ये असे पॅक काढले, एअरटेलने २०२४ मध्ये १९५ रुपयांपासून काढले, त्या १९५ मध्ये २४ तासांसाठी २५० एमबी आणि थोडे कॉल-एसएमएस होते. आताचा भाव अॅपमध्ये बघून घ्या आणि तुमची विमानकंपनी त्या यादीत आहे का हेही बघा, नाहीतर पॅक फुकट जातो.

बिलाबद्दल लेखी तक्रार कराच, पहिल्यांदा झालं असेल तर काही वेळा थोडंफार कमी करतात. फोनवर ओरडून उपयोग नाही, तक्रार क्रमांक घ्या.

प्रश्न : वायफायचे पैसे भरायला गेलो तर कार्डाचा ओटीपी मोबाइलवर पाठवला म्हणे! मोबाइल फ्लाइट मोडवर!! ह्याला काय म्हणायचं? — कोल्हापूर

ह्याला काय म्हणायचं ते कोल्हापूरकरांना आम्ही शिकवावं का.

पण मार्ग आहेत. पहिला, पास आधीच घ्यायचा, बऱ्याच कंपन्या वेबसाइटवर बुकिंगसोबत विकतात. दुसरा, कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहे का ते बँकेच्या अॅपमध्ये निघायच्या आधी तपासायचं, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून नवीन कार्डांवर तो बंदच येतो, आपणहून चालू करावा लागतो. चालू असेल तर परदेशी कंपन्यांच्या पानावर पुष्कळदा ओटीपी न मागताच पैसे जातात, हे सोयीचंही आणि थोडं भीतीदायकही, म्हणून मर्यादा कमी ठेवा आणि घरी आल्यावर बंद करा. काही बँका ओटीपी ई-मेलवरही पाठवतात, पण ई-मेल उघडायला नेट लागतं आणि नेटसाठीच तर आपण पैसे भरतोय. यूपीआयची आशा परदेशी विमानात ठेवू नका.

पास घेतल्यावर एमबीचा असेल तर लगेच फोटोंचा बॅकअप बंद, अॅपचे ऑटो अपडेट बंद, व्हॉट्सअॅपचं मीडिया ऑटो डाउनलोड बंद. आयफोनला लो डेटा मोड आहे, अँड्रॉइडला डेटा सेव्हर. हे नाही केलं तर तुम्ही पाणी प्यायला उठून परत येईपर्यंत पास संपलेला असतो, फोनमधल्या हळदीच्या सगळ्या व्हिडिओंचा बॅकअप मात्र नीट झालेला असतो.

प्रश्न : फ्लाइट मोड नाही लावला तर विमान पडतं का? — एक सातवीतला वाचक, लातूर

नाही रे बाबा. पण फोन सारखा जोरात रेंज शोधत राहतो, त्याचा त्रास वैमानिकाच्या हेडफोनमध्ये खरखर असा होऊ शकतो आणि खालच्या टॉवरांनाही होतो, कारण इतक्या उंचीवरून फोनला एकदम खूप टॉवर दिसतात. वायफायचं तसं नाही, ते त्या विमानात तपासून, परवानगी घेऊनच बसवलेलं असतं.

प्रश्न : विमानात इंटरनेट हा इलॉन मस्कचा शोध आहे असं आमच्या ग्रुपवर आलंय. — सोलापूर

ग्रुपवर काहीही येतं. मे २००४ मध्ये लुफ्तान्साच्या म्युनिक-लॉस एंजेलिस फ्लाइटवर प्रवासी मेल पाठवत होते, बोइंगच्या कनेक्शन नावाच्या सेवेवरून. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते, लॅपटॉपवाले मोजके, अँटेना जड, खर्च प्रचंड, गिऱ्हाईक नाही, २००६ अखेर बोइंगने गाशा गुंडाळला. त्यानंतर २००८ मध्ये अमेरिकेत गोगो नावाच्या कंपनीने दुसरीच युक्ती केली, उपग्रहाच्या भानगडीत न पडता जमिनीवरच आकाशाकडे तोंड करून टॉवर उभे केले. स्वस्तात काम झालं पण समुद्रावर टॉवर कुठून आणणार, त्यामुळे ते जमिनीवरच्या मार्गांपुरतंच राहिलं. मस्कने गती आणली हे मान्य, पण त्याच्या आधी ह्यात बऱ्याच जणांचे पैसे बुडालेत.

प्रश्न : लांबच्या फ्लाइटला मध्येच काही तास नेट गेलं, पैसे परत मिळतील का? — मडगाव, गोवा

मागून बघा, काही कंपन्या देतात, ऑर्डर नंबरचा स्क्रीनशॉट पाहिजे. जाण्याची कारणं बरीच असतात. एखाद्या देशाने आपल्या हद्दीत परवानगी दिलेली नसते. किंवा विमान उत्तर ध्रुवाजवळून जात असतं, भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे तिथून तो क्षितिजाच्या खाली जातो, दिसतच नाही. कधी नुसतं लॉगिनचं पान उघडत नाही, तेव्हा व्हीपीएन आणि फोनच्या सेटिंगमधलं प्रायव्हेट डीएनएस बंद करा, ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका, ही साइट ह्याच कामासाठी बनवलेली आहे, लॉगिनचं पान बहुतेक उघडतंच.

प्रश्न : विमानातल्या वायफायवर बँकेचे व्यवहार सुरक्षित आहेत का? — एक सीए, छत्रपती संभाजीनगर

बँकेचं अॅप वापरलंत तर माहिती कुलूपबंद होऊनच जाते, त्याची फार चिंता नाही. चिंता वेगळी आहे. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये पोलिसांनी एकाला पकडलं, तो विमानतळावर आणि चक्क चालू विमानात स्वतःचं उपकरण लावून खऱ्या वायफायच्याच नावाचं खोटं वायफाय सुरू करायचा. विमानातल्या कर्मचाऱ्यांना संशय आला म्हणून प्रकरण उघडं पडलं. लोक त्याला जोडायचे, मग एक पान यायचं, ई-मेल किंवा सोशल मीडियाचं लॉगिन टाका म्हणून, आणि ते टाकलं की गेलं.

तेव्हा विमानाचं वायफाय तुमच्या जीमेलचा किंवा फेसबुकचा पासवर्ड मागायला लागलं की तिथेच थांबा. सीट नंबर, आडनाव, मेंबरशिप नंबर, फार तर कार्ड. एकाच नावाची दोन नेटवर्कं दिसली तर क्रूला विचारा, ते त्यांचं कामच आहे. आणि मोठी रक्कम पाठवायची घाई असेल तर ती जमिनीवरून पाठवलेली बरी, मध्येच नेट गेलं तर पैसे गेले की नाही ह्याचा विचार करत सहा तास काढायचे म्हणजे शिक्षाच.

प्रश्न : शेजारचा माणूस स्पीकरवर व्हिडिओ बघत होता, सांगितलं तर म्हणे मी नेटचे पैसे भरलेत. काय करावं? — डोंबिवली

त्याने नेटचे भरलेत, तुमच्या कानाचे नाही. भांडू नका, वरचं बटण दाबून क्रूला बोलवा आणि त्यांनाच सांगू द्या, त्यांचं ऐकतात. आणि बॅगेत कापसाचे बोळे ठेवा, फुकट असतात आणि ध्रुवाजवळसुद्धा चालतात.